शेवटच्या पानाचं कुलूप

वडील गेले त्या वर्षी भाऊबिजेला दादानं साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून आणलं. साडी मी ठेवून घेतली, कागद परत केला. म्हटलं, "नांद्याच्या रानातली इहिरीकडची पट्टी मला दे, बाकीच्यावर आत्ता सही करते." आमच्याकडे अशा वेळी बहिणी सही करतात आणि भावाला जेवायला वाढतात. दादा न जेवता उठला. त्यानंतर चार वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

मी तेव्हा नेऱ्याच्या फाट्यावर पेपर विकत होते. नवरा गेल्यावर दोन तेलाच्या डब्यांवर फळी टाकून सुरुवात केली होती, पुढे त्याची पत्र्याची टपरी झाली. पुण्याचे मोठे पेपर रोज यायचे, पण खरा खप होता तो पौडहून निघणाऱ्या तालुक्याच्या साप्ताहिकाचा. दर शुक्रवारी आठ पानं. गिऱ्हाईक ते मागून वाचायचं, कारण शेवटच्या पानावर जमिनीच्या जाहीर नोटिसा असायच्या. कुणी जमीन घ्यायची ठरवली की त्याचा वकील छापायचा: अमुक गटात कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांत लेखी हरकत कळवा, नाहीतर तो सोडून दिला असं समजू. हिंजवडीत कंपन्या आल्यापासून ते पान इतकं भरायचं की अख्खा तालुकाच विकायला निघालाय असं वाटावं.

मग संपादकांनी वेबसाईट काढली आणि सगळा अंक गुरुवारी संध्याकाळीच तिथं फुकट टाकायला लागले. दलाल लोक सायबर कॅफेत वाचून मोकळे. माझा गठ्ठा फळीवर तसाच. मी पौडला जाऊन त्यांना विचारलं, "तुमी फुकट वाटणार आन मी इकत बसणार? मला काय येडी समजता?"

"ताई, जमाना इंटरनेटचा आहे. त्याला धरून चाला."

"तुमीच धरा. ह्यो गठ्ठा बी धरा."

गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला, तेव्हापासून तो अंक माझ्या टपरीवर बंद. माझ्या मागच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी भाड्यानं राहायची, कंपनीत कामाला. तिच्या लॅपटॉपवर मी ते पान दर आठवड्याला वाचून घ्यायचे. फुकट होतं तोवर मीही फुकटच वाचलं, हे कबूल करते.

दोनेक वर्षांनी संपादकांनी वेबसाईटला कुलूप लावलं. नुसते मथळे दिसायचे, खाली ओळ: पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा. वर्गणी पौडच्या ऑफिसात भरायची, मग पासवर्ड मिळायचा. संपादक स्वतः टपरीवर आले. "ताई, आता फुकट काही नाही. गठ्ठा परत लावा." भोवती पाच-सहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "कुलूप लावलंय न्हवं? मग आता किल्ल्या इका." माणसं हसली. ते लालबुंद होऊन गेले. तो आठवडाभर मी मजेत होते.

त्या हिवाळ्यात ती मुलगी भावाच्या लग्नाला गावी गेली आणि एका मंगळवारी परत आली. सवयीनं तिनं लॅपटॉप उघडला आणि मागचे मथळे वाचायला लागली.

"मावशी, एक नांद्याचं आहे." तिनं गट नंबर वाचला.

तो आमचा होता. खालचं सगळं बंद. अंक अकरा दिवसांपूर्वीचा, म्हणजे हातात चार दिवस. हरकत घ्यायची तर वकिलाचं नाव-पत्ता हवा, आणि तो कुलपाच्या आत. न खपलेले अंक आठवड्यात रद्दीत जातात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी मी पौडला पोचले. एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर संपादकांचं ऑफिस. जुन्या अंकांची फाईल त्यांच्या कोपराजवळच होती.

"दोन आठवड्यांपूर्वीचा अंक पायजे."

"शिल्लक नाही. ही फाईलची प्रत तेवढी आहे."

"तीच दावा. शेवटचं पान."

"वेबसाईटवर आहे की. वर्षाची वर्गणी भरा, लगेच पासवर्ड देतो."

"एका पानासाठी वर्षाची? मेथीची जुडी घ्यायला कुणी अख्खा मळा इकत घेतं व्हय?"

"आणि चारचौघांत कुणी मला किल्ल्या विकायला सांगतं का?" म्हणजे ते विसरले नव्हते. "कुणाची जमीन आहे, ताई?"

गरज दिसली की भाव चढतो, या हिशेबावर मी धंदा केला होता. म्हटलं, "हाय एक गिऱ्हाईक. त्येला बगायचंय."

"मग गिऱ्हाईकाला पाठवा. नाहीतर पन्नास अंक परत टपरीवर लावा, आत्ता फाईल उघडतो."

"पन्नास न्हाई आन पाच न्हाई." मी उठले. जिना सावकाश उतरले. विकणारा पाठीमागून हाक मारतो, नेहमी मारतो. शेवटच्या पायरीवर थांबलेसुद्धा. हाक आली नाही.

स्टँडवर परतीची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि तशीच उभी राहिले. कंडक्टर ओरडला, "मावशी, चढताय का उतरताय?"

मी उतरले. जिना परत चढले. दारातूनच म्हटलं, "माझ्या बापाची जमीन हाय. तीन दिस राहिलेत."

संपादकांनी फाईल उघडून माझ्याकडे फिरवली. चौकट लहानशीच होती. दादाचं नाव, आणि पुढे 'एकमेव वारस'. खाली पुण्यातल्या वकिलाचा पत्ता.

त्यांनी चष्मा काढला. "नोटीस वकिलाची, पण आणून दिली तुमच्या दादांनी. विचारत होते, नेरे फाट्यावर अंक लागतो का. मी म्हटलं, तुमच्या बहिणीनं बंद केलाय. ते हसले. मला वाटलं, तुमच्या रागाला हसले."

दादानं पुण्याच्या कुठल्याही पेपरात नोटीस दिली असती तर ती पहाटेच माझ्या हातात पडली असती. मी ज्याला टपरीवरून हाकललं तोच एक पेपर त्यानं शोधून काढला होता.

"आन मला एक शब्द सांगावासा वाटला न्हाई तुमाला?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवली होती का?"

नव्हती ठेवली, हे खरं. तरी तो एक शब्द त्यांनी सांगायला हवा होता, असं मी आजही म्हणते. वर्षाची वर्गणी मात्र घासाघीस न करता मोजली.

"आणि पन्नास अंक?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

"चाळीस."

"तीस. न खपलेले परत."

"बरं."

खाली पानाची झेरॉक्स काढली आणि तशीच पुण्याची गाडी धरली. नोटिशीतल्या वकिलानं माझा हरकतीचा अर्ज दोनदा वाचला. "तुम्ही सख्ख्या बहीण?"

"एकाच आईच्या."

माझ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का पडला तेव्हा कारकून कपाट बंद करत होता. शिक्का वाळेपर्यंत मी कागदाची घडी घातली नाही.

शुक्रवारी गठ्ठा आला. तीस अंक मी फळीवर पुढेच लावले, शेवटचं पान वर करून. शनिवारी दादा आला, चार वर्षांनी. मोटारसायकलवरून उतरला नाही.

"कुटं वाचलंस तू?"

मी गठ्ठ्यातला वरचा अंक त्याच्यापुढे धरला. "आधी पैशे टाक."

त्यानं खिशात हात घातला, नाणी फळीवर टाकली. अंक घेतला, पण उघडला नाही. रस्त्याकडे बघत राहिला. मग उतरून गाडी स्टँडला लावली.

"इहिरीकडची पट्टी म्हंजे कुटवर म्हणतीस तू?"

मी पेपर सरकवून त्याला फळीवर बसायला जागा केली. घाई मला नव्हती.