फासे खाली ठेवा

माझ्या साडूंइतका तापट माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात नाही. असलाच तर साडूंनी त्याच्याशी भांडून त्याला कधीच नांदेडला पळवून लावलं असेल. रेणापूरला त्यांची डाळमिल आहे, पण त्यांना राग येतो तो डाळीवरून नव्हे, गाण्यावरून. मठातल्या सोमवारच्या भजनात तबला तेच वाजवतात. कुणी मध्येच बोललं की त्यांचा हात थांबतो, आणि बोलणारा माफी मागेपर्यंत ते तबल्यावर टॉवेल टाकून त्याच्याकडे नुसते बघत राहतात. एकदा खुद्द सरपंचांनी मोबाइल कानाला लावला. "शिवाचं नाव चाललंय, का बाजार हाय ह्यो?" असं म्हणून साडूंनी त्यांना चपला घालायला लावल्या.

इथवर मलाही हसू येतं. संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याच तबल्यावर गळा तयार झालेली, पुण्यात एका हॉटेलात संध्याकाळी गाते. "लोकं चपात्या मोडून राहिले अन् ही गाती! गाणं म्हंजे काय ताटातलं लोणचं हाय का?" एवढं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं, त्याला दोन वर्षं झाली. मी फोनवर त्यांना चांगला झाडतो. ते फोन ठेवून देतात.

अशा माणसाबरोबर मी चीनला गेलो. त्यांना डाळ निवडायचं मशीन बघायचं होतं आणि मी पडलो इंग्रजीचा मास्तर. तिथं माझ्या इंग्रजीला कुणी विचारलं नाही, त्याचाही राग त्यांनी माझ्यावरच काढला. घरून नेलेले धपाटे संपले, तेही माझ्यामुळेच. चौथ्या दिवशी संध्याकाळी चहा शोधत आम्ही एका गल्लीत शिरलो. लाकडी दार, पिवळा उजेड, सात-आठ टेबलं आणि कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेली एक पोरगी. तो पब आहे हे बसल्यावर कळलं. मी उठू लागलो, तर साडूंनी हात धरून मला खाली बसवलं. त्यांनी खुणेनं गरम पाणी मागितलं, तेही लगेच आलं. पोरगी गाऊ लागली तसा त्यांच्या बोटांचा टेबलावर ठेका सुरू झाला. इतकं उबदार ठिकाण मी त्या मुलुखात दुसरं पाहिलं नाही, आणि साडूंचा इतका निवांत चेहराही.

पण शेजारच्या टेबलावर चौघंजण पेल्यात फासे खुळखुळवत बसले होते. साडू ताडकन उठले. "ए बाबांनो! पोरगी जीव लावून गाऊन राहिली, दिसंना का? ठिवा ते फासे खाली!" भाषा कुणालाच कळली नाही, फासे मात्र थांबले. पोरीनं मान लववली आणि तेच गाणं पहिल्यापासून म्हटलं.

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "साडूभाऊ, परक्या पोरीसाठी भांडता! तुमची पोरगी पुण्यात गाते तेव्हा तिच्यासाठी कोण उठतं?"

ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. मग थांबून म्हणाले, "मास्तर, तिथं तरी ऐकत्यात का वो लोकं तिचं?"

दोन वर्षं त्यांना शहाणपण शिकवत होतो, पाच वेळा पुण्याला जाऊन आलो होतो, पण तिचं गाणं ऐकायला मीही कधी गेलो नव्हतो. तसं सांगून टाकलं. आता भडका उडणार म्हणून उभा राहिलो. ते चिडले नाहीत, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

"मग जाऊ की," ते म्हणाले. "आपुन दोघं तरी गप बसून ऐकू."