तारप्याला पाठ दाखवू नये

मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या जव्हारला ठाऊक आहे. सैनिकी शाळेची मेस सांभाळायला होते तेव्हा मोठ्या साहेबांपासून पाणक्यापर्यंत एकालाही सोडलं नाही. पण फागू उस्तादाचं नाव निघालं की मी गप्प होते. का, ते ऐका.

सत्त्याण्णव साली सुरू झाली तेव्हा ती शाळा कसली हो! पठारावर पत्र्याच्या शेडी आणि दगडांनी भरलेलं मैदान. रायफली सागाच्या लाकडाच्या. पोरं आली खोडाळ्याची, वांगणीची, कुठल्या कुठल्या पाड्यांवरची. खाट दिली तर खाटेखाली झोपायची. बिगुल वाजला की रानात पळायची, आणि जेवणाच्या घंटेला बरोबर हजर, लबाड कुठली! पहिले ड्रिलमास्तर कपाळाला हात लावून निघून गेले. मग आला फागू.

फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, मोखाड्याकडचा वारली. अंगानं काटकुळा, मिशी मात्र भारदस्त. मी म्हटलं, "उस्ताद, वाऱ्यानं उडाल की!" तर म्हणे, "आधी वाढा तर खरं, गोजाबाई." पोरांना डावं-उजवं काही केल्या कळेना. यानं प्रत्येकाच्या डाव्या पायाला भाताचा पेंढा बांधला, उजव्या पायाला नागलीचं काड. "भात! नागली! भात! नागली!" हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण दिवाळीपर्यंत असे पाय पडायला लागले की माझ्या शेडमधली भांडी तालात वाजायची. मग हसायचं मी सोडून दिलं.

सुट्टी लागली की सगळे घरी जायचे, हा आपला मैदानातले दगड वेचत बसायचा. एकदा भाकरी थापता थापता मी विचारलंच, "घरी कुणी नाही का हो तुम्हाला?"

"बाप आहे," तो म्हणाला. "जिवा तारपकरी."

तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू नि ताडाची पानं जोडून केलेलं लांबलचक वाद्य. नवं भात आलं की तारपकऱ्याभोवती फेर धरून नाचतात. त्यात एक नेम असतो. फेर कसाही वळो, तारप्याला पाठ दाखवायची नाही. फागूनं ती दाखवली होती. ऐन तरुणपणी, भरल्या फेरात असताना कुणी ओरडलं, भरतीची जीप निघाली. हा हात सोडून, पाठ फिरवून धावत सुटला. बाप तेव्हा वाजवत होता.

"बाप म्हणाला, आता ह्या तारप्याला तुझा हात नाय लागायचा. त्यानंतर एक अक्षर बोलला नाय," उस्ताद म्हणाला. "लढाईत मी पाठ नाय दाखवली, बाई. पण बापाच्या लेखी दाखवलेलीच." तव्यावरची भाकरी करपली.

दोन हजार सालचा दसरा. शस्त्रपूजा, परेड, पाहुणे म्हणून एक निवृत्त फौजी अधिकारी. आमच्या साहेबांना हौस आली, परेड यंदा बिगुलावर नको, इथल्या तारप्यावर होऊ दे. जीप पाठवून त्यांनी जिवाला बोलावलं. घरातली गोष्ट त्यांना काय ठाऊक! उस्ताद नको नको म्हणाला, पण हुकूम म्हणजे हुकूम. म्हातारा आला कसा, देव जाणे. मला वाटतं लेकाला बघायलाच आला. पण मंडपाजवळ बसला आणि लेकाकडे ढुंकून पाहिलं नाही.

तारपा सुरू झाला. पोरं पाहुण्यांसमोर आली, थांबली, सलामी दिली. आता "पीछे मुड" म्हणायचं आणि मैदानापलीकडे निघून जायचं. माझ्या तेव्हा ध्यानात आलं. म्हातारा मंडपाशीच बसलेला! वळलं की सगळ्या परेडची पाठ तारप्याला. पोरं पाड्यावरचीच, त्यांचेही चेहरे उतरले. फागूचं तोंड उघडं, हुकूम निघेना. साहेब लालबुंद. मी पदराचं टोक दातात धरलं.

मग फागू ओरडला, "परेड! तोंड समोर, कदम पीछे, चल!"

असा हुकूम मी कधी ऐकला नव्हता. आणि ती पोरं निघाली हो, उलटी! मागे न बघता, रांग न मोडता, अख्खं मैदान. सगळ्यांच्या पुढे फागू, हात सलामीला, नजर बापावर, पाय मागे मागे. एकाला ठेच नाही. ठेच लागणार कशी, तिथला दगडन्‌दगड त्यानंच वेचलेला! पाहुणे उठून उभे राहिले. म्हातारा वाजवत होता, पण आता त्याचे डोळे लेकाच्या पायांवर होते. मैदानापलीकडच्या दगडी गडग्याशी पोचल्यावर "थम" झालं आणि तारपाही थांबला.

म्हातारा उठला. एवढं मैदान एकटा, हळूहळू तुडवत गेला. माझ्यानं राहवलं नाही, मीही मागोमाग. फागूचा हात अजून सलामीलाच. खाली घ्यायला सांगणार कोण? बापानंच तो मनगट धरून खाली घेतला आणि त्यात तारपा ठेवला.

"पाय नाय चुकला," म्हातारा म्हणाला. "वाजव."

उस्तादानं तोंडाला लावला, फुंकला, पण नुसता फुसफुस वारा. रडता रडता तारपा थोडाच वाजतो! सगळी परेड सावधान उभी होती, आणि पोरांची नाकं गळत होती.

"ऱ्हाऊ दे," बाप म्हणाला. "घरी चल. शिकवतो."