रापणीचा वाटा घरी आला

इंग्लंडात मी बस चालवतो. तिकडे बर्फावरून घसरलो आणि उजव्या खांद्यातलं टेंडन फाटलं. सरकारी रांगेत नंबर लागेपर्यंत मी निवृत्तच झालो असतो, आणि खाजगीत चौकशी केली तर आकडा ऐकून डावा खांदाही दुखायला लागला. शेवटी विमानाचं तिकीट धरूनही परवडेल ते केलं. गोव्यात ऑपरेशन आणि देवबागला अक्काकडे मुक्काम.

डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत. साधा पेला उचलायचा नाही. टाका सुटला तर पुन्हा जोडता येईलच असं नाही. म्हणजे स्टिअरिंग गेलं, नोकरी गेली. अक्का माझी थोरली बहीण, एकटीने होमस्टे चालवते. तिने मला अगदी कुकुलं बाळ करून टाकलं. बांगड्याचे काटे काढून घास भरवायची आणि वर ‘चावून खा’ म्हणायची, तेही पर्यटकांसमोर! साठीला टेकलेल्या माणसाला काही अब्रू असते की नाही?

मीही उट्टं काढायचो. फळीवरचे डबे अक्का हाताने काढत नसे. काठीने कडेला सरकवायची आणि डाव्या हाताने झेलायची. "सर्कशीत जा गो," मी म्हणायचो. "गप ऱ्हव मेल्या," ती म्हणायची.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली. समुद्रात सोडलेलं ते लांबलचक जाळं दोन्ही बाजूंनी दोरीने ओढून काढतात, आणि रीत अशी की दोरीला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा. मी फक्त बघायला गेलो होतो, देवाशपथ. पण रापणीचा म्होरक्या शाळेत माझ्या शेजारी बसायचा. तो ओरडला, "काय रे सायबा, इंग्लंडात जावन दोरी विसारलस?"

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? डावा हात लावला. चार पावलं मागे सरलो, जाळं जड लागलं, आणि उजवा हात झोळीतून कधी बाहेर आला ते मलाच कळलं नाही. अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात परत झोळीत कोंबला आणि घरी येऊन शहाण्यासारखा आडवा झालो. आतून पार टरकलो होतो. टाका सुटला असेल तर?

"खंय होतस?" अक्काने विचारलं.

"हयच. माडाखाली, वाऱ्याक."

तासाभराने म्होरक्या टोपली घेऊन दारात हजर. "तुझ्या भावाचो वाटो गो. दोरयेक हात लावल्यान आणि तो वाटो न घेताच पळालो." गाढवाला प्रामाणिकपणा सुचला तो नेमका त्याच दिवशी!

अक्काने माझे सगळे पूर्वज बाहेर काढले. ते तिचेही आहेत हे रागात विसरली. दुपारी बांगडा माझ्यापुढे काट्यांसकट आला. मी डाव्या हाताने काटे वेचत बसलो आणि ती धुसफुसत फळीकडे वळली. काठी घ्यायचं भान राहिलं नाही, उजवा हात वर नेला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. "आई गो," म्हणून ती मटकन खाली बसली.

"काय झाला गो?"

"काय नाय. चार वर्सां झाली, तसोच आसा."

सर्कशीत जा म्हणत होतो मी तिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोव्याला गेलो. डॉक्टरांनी माझा खांदा तपासला. टाका शाबूत होता, नशीब माझं. मी अक्काला पुढे केलं आणि म्हटलं, हिचाही बघा. ती काही खुर्चीत बसेना.

"माझो कित्याक बघतास डॉक्टरांनू?" ती म्हणाली. "परदेशातसून तो इलोहा."