माझ्या मधमाशीची माशी झाली

मैत्रिणींनो, आज सकाळपासून जळतेय, म्हणून इथे सांगते.

लोकर ओवून मधमाशी बनवायचा किट मागवला होता. त्यात भोकं पाडलेले दोन प्लास्टिकचे तुकडे, पिवळी-काळी लोकर आणि बोथट सुया होत्या. खोक्यावर लिहिलेलं, नवशिक्यांसाठी. नरपडहून माझी जाऊ वैशाली आमच्याकडे डहाणूला चिकू द्यायला आली, तेव्हा एक तुकडा मीच तिला दिला.

माझे दोन पट्टे होईपर्यंत तिची मधमाशी पंखांसकट तयार. मी लोकर इतकी ओढली की माझी दुमडून होडी झाली. सासूबाईंनी तिची फ्रिजवर लावली आणि माझी उचलून विचारलं, "ही माशी कोणी केली गं?"

मी हसले. हसावंच लागतं.

ती गेल्यावर आमच्या ह्यांनी फ्रिजचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. फ्रिज आमचा, म्हणून सगळ्यांना वाटलं मीच केली. मामेसासऱ्यांनी लिहिलं, "डहाणूच्या सूनबाईंच्या हातात कला आहे." मी नुसते हात जोडले.

दोन तास झाले, खरं काय ते अजून लिहिलेलं नाही. फोटोवर बदाम येतच आहेत. आत्ता आलेला बदाम वैशालीचा आहे.

आता तिथे काय लिहू?