शेजारच्या खुर्चीतलं युद्ध

लिफ्टवाल्यांच्या किडन्यांनी हात टेकले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनरूममध्ये नाहीतर तळाच्या खड्ड्यात गेला होता. ग्रीसने काळी पडलेली नखं कुठे जरा उजळायला लागली, तोवर रक्तदाबाने आतल्या आत आपलं काम उरकलं होतं. आता आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पाळीला, ते रुग्णालयाच्या मागच्या अंगाच्या डायलिसिसच्या लांबट खोलीत यायचे, काट्यावर उभे राहून वजन द्यायचे, खिडकीजवळची खुर्ची धरायचे आणि डावा हात पुढे करायचे. त्या हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. तिच्यावर बोट ठेवलं की सतत थरथर लागायची. पहिल्या दिवशी ती तपासत ते टेक्निशियनला म्हणाले, "मोटर चालू आहे. बेअरिंग जरा वाजतंय." तेव्हापासून ते त्या खोलीचे लिफ्टवाले झाले.

शेजारच्या खुर्चीत शिवणबाई असायच्या. मुलींना शिवणकाम शिकवणाऱ्या एका शाळेत त्यांनी नोकरी केली होती. अंगाने काडी, पण बसणं ताठ. मशीनमधून फिरून आलेलं रक्त अंगात शिरलं की थंडी वाजते, म्हणून त्या कापडाचे तुकडे जोडून स्वतः शिवलेलं पांघरूण घरून आणायच्या. रुग्णालयाच्या घोंगड्या त्यांना पसंत नव्हत्या. "काठ नीट दुमडलेला नाही," असं त्या सिस्टरला दरवेळी ऐकवायच्या.

चार तास एका जागी पडून राहायचं, हातात दोन सुया, समोर भिंतीवर टीव्ही. आणि टीव्हीवर त्या वर्षी एकच विषय होता, कुठल्या तरी लांबच्या मुलखातलं युद्ध. एका मोठ्या देशाच्या कडेला एक लहानसा प्रांत होता. तिथल्या लोकांनी मतदान करून सांगितलं की आम्हाला वेगळं व्हायचंय. मोठ्या देशाने रणगाडे घुसवले. मग शेजारपाजारचे देश प्रांताला शस्त्रं पुरवायला लागले, तसं मोठ्या देशाने अणुबॉम्बचं नाव काढलं.

"आता त्या प्रांतवाल्यांनी आवरतं घ्यावं," लिफ्टवाले पहिल्यांदा म्हणाले ते हे. "ज्याच्या हातात बॉम्ब आहे त्याच्याशी बसून तोडगा काढायचा. माणसं जगली तर झेंडा पुढे कधीतरी लावतील."

"कधीतरी लावता येतो, हे कोण म्हणालं तुम्हाला?" बाईंनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं.

झालं, तिथून सुरुवात झाली. बातम्यांत 'स्वयंनिर्णय' हा शब्द आला की लिफ्टवाल्यांच्या कपाळाला आठी पडायची. "शब्द भारी आहे," ते म्हणायचे. "उद्या एखाद्या इमारतीचा चौथा मजला म्हणेल, आम्ही वेगळे. मग लिफ्ट तिथे थांबवायची नाही का?"

"चौथ्या मजल्याला कुणी जिना बंद करून कोंडून मारत असेल, तर म्हणेलच तो," बाई म्हणायच्या. "तुम्ही लिफ्ट थांबवा नाहीतर नका थांबवू."

सिस्टर हसायची. दोघांचा रक्तदाब वाढला की टीव्ही बंद करायची, आणि मग दोघेही मिळून तिच्यावर रुसायचे. घरी लिफ्टवाल्यांची बायको म्हणायची, "अहो, पूर्वी तिथे जायचं म्हटलं की तुमचं तोंड उतरायचं. आता पेपर वाचून तयारी करून जाता." ते खरं होतं. ते नकाशासुद्धा बघायला लागले होते.

एकदा मात्र भांडण गमतीवर राहिलं नाही. टीव्हीवरचा एक तज्ज्ञ सांगत होता की बॉम्बची धमकी पोकळ आहे, कुणी खरंच वापरणार नाही. बाईंनी मान डोलावली. लिफ्टवाले खालच्या आवाजात बोलायला लागले. ते उमेदवारी करत असताना एका जुन्या इमारतीत लिफ्टचा ब्रेक कुरकुरत होता. धरेल, इतकी वर्षं धरलाय, असं सगळे म्हणत होते. त्यांचा जोडीदार खड्ड्यात उतरला. "ब्रेक नाही धरला," लिफ्टवाले म्हणाले. "मी वर होतो. बाई, काही होणार नाही असं म्हणणारा माणूस कधी खड्ड्यात उभा नसतो. लाखो माणसं आहेत तिथे. अंदाज चुकला तर पुन्हा अंदाज करायला कुणी उरणार नाही."

बाईंनी मोकळ्या हाताने पांघरूण सारखं केलं. 

"माझ्या घरात रॉकेलचा डबा होता," त्या म्हणाल्या. "नवरा म्हणायचा, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर पेटवून घेईन. पहिल्यांदा डबा काढला तेव्हा मी पगार त्याच्या हातात द्यायला लागले. दुसऱ्यांदा माहेरी जाणं सोडलं. नंतर माझं शिलाईचं मशीन विकलं त्याने. दरवेळी मला वाटायचं, आता एवढं दिलं की शांत होईल. डबा तिथेच कपाटाखाली. एक दिवस मुलाला घेतलं आणि निघाले."

"मग? पेटवून घेतलं?"

"नाही. पण निघताना मला ते ठाऊक नव्हतं ना. घेतलं असतं तर मी कुठल्या तोंडाने जगले असते, हे मी अजून स्वतःला विचारते."

 लिफ्टवाल्यांचं मत बदललं नाही. बाईंचंही नाही. पण त्यानंतर एकमेकांना टोमणे मारताना दोघेही थोडं जपून मारायला लागले.

पुढे बाईंचं दुखणं उलटलं. दोन्ही हातांतल्या जोडलेल्या शिरा एकामागून एक बंद पडल्या. मानेत नळी घातली, तिथे जंतू शिरले. डायलिसिस चालू असतानाच हुडहुडी भरून ताप चढायचा, दात वाजायचे, आणि लिफ्टवाले आपला मोकळा हात लांबवून त्यांचं पांघरूण वर ओढायचा प्रयत्न करायचे. तो पोचायचा नाही. नळी बदलली, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, आता मांडीत घालू.

त्या दिवशी टीव्हीवर कुठल्या तरी शहराच्या पडलेल्या भिंती दाखवत होते. बाई म्हणाल्या, "लिफ्टवाले, मी नाही म्हणून सांगितलंय."

"कशाला नाही?"

"मांडीला. आणि यापुढे इथे येण्यालाही. आज नाहीतर पुढच्या वेळी शेवटचं."

लिफ्टवाल्यांना कळायला एक क्षण लागला. डायलिसिस थांबवलं की काय होतं हे त्या खोलीत कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "मुलाला विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. विचारलं नाही."

मग त्यांच्या तोंडून ते गेलं. "म्हणजे हा तुमचा स्वयंनिर्णय."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ते टीव्हीवरचं यात आणू नका," त्या म्हणाल्या. "ती माणसं जगायला मिळावं म्हणून भांडताहेत. मी दमले, एवढंच आहे हे."

"दमलेत सगळेच. मी दमलो नाही? म्हणून काय उठून चालायला लागायचं?"

 लिफ्टवाल्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि सुया निघेपर्यंत तसंच ठेवलं. पुढच्या वेळी बोलू, असं त्यांनी मनात ठरवलं होतं. पुढच्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी होती.

चौथ्या दिवशी बाईंचा मुलगा त्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात गाठायला आला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. "काका, आई माझं ऐकत नाही," तो म्हणाला. "तुमच्याशी भांडायची, पण घरी येऊन तुमच्याबद्दलच बोलायची. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. अजून वेळ गेलेली नाही, डॉक्टर म्हणाले."

लिफ्टवाल्यांनी आपल्या मुलीला गाडी काढायला लावली. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून दम खात ते वर चढले. काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. मुलाचं तोंड बघा, असं म्हणायचं होतं. मांडीतली नळी काही कायमची नसते, पुढचं पुढे बघू, असंही म्हणायचं होतं.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. पाय सुजून तुकतुकीत झाले होते, श्वास आखूड. डॉक्टरांनी धाप कमी व्हायचं औषध दिलं होतं.

"काय म्हणतोय तुमचा बॉम्बवाला?" त्यांनी विचारलं.

"माझा कसला." लिफ्टवाले खुर्ची ओढून बसले. "बोलणी व्हायची म्हणताहेत. प्रांताने अर्धा भाग सोडला तर तो मागे हटेल."

"सोडतील का?"

"सोडावा, असं माझं म्हणणं."

"तुम्ही तेच म्हणणार." बाई दम घ्यायला थांबल्या. "अर्धा दिला की उरलेला अर्धा मागायला येईल."

"आला तर येईल. तोवर पोरं तरी वाढतील तिथली."

"हं," बाई म्हणाल्या. "पोरांचं खरं आहे." इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काही कबूल केलं होतं, आणि लिफ्टवाल्यांना त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

सुनेने पाणी आणलं. पेला काठोकाठ भरलेला होता. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून मिळतं. लिफ्टवाले तर उन्हाळ्यातसुद्धा बर्फाचा खडा चोखून भागवायचे. बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, मध्ये थांबत, सगळा संपवला. लिफ्टवाले बघत राहिले. त्यांच्या घशाला कोरड पडली.

"कसं लागतं?" त्यांनी विचारलं.

"पाण्यासारखं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

पाठ केलेलं सगळं त्यांच्या डोक्यात होतं. विसरले नव्हते. पण त्या पेल्यानंतर ते बोलायला त्यांची जीभ वळेना. "त्या दिवशी मी तोंड फिरवून बसलो," एवढंच ते म्हणाले. "तसं करायला नको होतं."

"खिडकीत काय दिसत होतं?"

"काही नाही. कंपाउंडची भिंत."

"मग माझ्याकडे बघितलं असतंत तर काय बिघडलं असतं?" बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. लिफ्टवाले तिथे बसून राहिले. बाईंना डुलकी लागली तेव्हा उठले.

दाराबाहेर मुलगा उभा होता. "बोललात?"

"नाही."

"नाही म्हणजे? काका, तुम्हाला त्यासाठीच बोलावलं होतं मी."

"हो," लिफ्टवाले म्हणाले. "मला नाही जमलं."

मुलगा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. लिफ्टवाल्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आपण त्याच्या जागी असतो तर अशा माणसाला धक्का मारून खाली उतरवलं असतं, असं ते जिन्यात मुलीला म्हणाले.

बाई गेल्याचं लिफ्टवाल्यांना बाईंच्या घरून कुणी कळवलं नाही. सिस्टरने सांगितलं, सुया टोचताना, दुसरीकडे बघत. शेजारच्या खुर्चीत तोवर एक कापडाचा व्यापारी आला होता. तो टीव्हीकडे पाठ करून झोपायचा. लांबच्या त्या मुलखात तह झाला, मोडला, पुन्हा होणार म्हणत होते. बॉम्ब कुणी टाकला नव्हता, आणि टाकणार नाही असं छातीठोक सांगणारेही कमी झाले होते. लिफ्टवाल्यांचं मत होतं तिथेच होतं. पण बातम्या चालू असताना वाद घालायला तोंड उघडावं आणि शेजारून घोरणं ऐकू यावं, असं दोनतीनदा झाल्यावर त्यांनी सिस्टरला आवाज बंद ठेवायला सांगितलं.

एका संध्याकाळी बायको आणि मुलगी दोघी घरात असताना त्यांनी त्यांना समोर बसवलं. "माझं सांगून ठेवतो," ते म्हणाले. "माझ्या हातातली शीर कधीतरी बंद पडेल. तेव्हा मानेत नळी, मांडीत नळी, पोटात नळी, जिथे जागा मिळेल तिथे घालायची. कितीही ताप आला तरी. मला जगायचंय."

बायको म्हणाली, "असलं काय बोलता? तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

"कुणी नाही म्हणत. पण मी शुद्धीवर नसलो तर तुम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसाल. बाईंनी त्यांचं सांगितलं होतं, मी माझं सांगतोय."

 मुलीने विचारलं, "आणि बाबा, मधेच तुमचं मन बदललं तर?"

"तर तेही मीच सांगेन," लिफ्टवाले म्हणाले. "आणि तेव्हा भांडायचं असलं तर भांड माझ्याशी. पण तोंड फिरवून बसू नकोस."