मामाच्या आवाजाला इस्त्री

मला राग लवकर येत न्हाई. नकला करणारा माणूस मी. कोणी शिवी दिली तरी आधी तिचा सूर पाठ करतो, राग मागून. पण नांदेडच्या त्या स्टुडिओतला डबा आठवला की अजूनबी डोकं सणकतं.

स्टुडिओ म्हणजे काय, टायरच्या दुकानावरची एक खोली, भिंतीला गादीचा फोम चिकटवलेला. रिक्षावर वाजत फिरतात त्या जाहिराती आम्ही तिथं भरायचो. साड्यांचा सेल, कोचिंग क्लास, बियाणं. सासू मी, सून मी, डॉक्टर मी, गोठ्यातली म्हैसबी मीच.

मालकानं तेव्हा नवा प्रीॲम्प आणला होता. माईक आन् कॉम्प्युटरच्या मधी बसणारा लोखंडी डबा. आत काचेचा वाल्व, चालू केला की निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. त्यानं आवाज जाडजूड यायचा. त्याच डब्यात कंप्रेसर होता, जो जोरात बोललं की दाबायचा आन् हळू बोललं की वर उचलायचा. शेवटी इक्वलायझर, नाकातलं कापायला, छातीतलं वाढवायला. रिक्षासाठी झकास काम. भर बाजारात शब्दन् शब्द कळायचा. खोटं कशाला बोलू, मीबी खूश होतो. घरी फोनवर त्या डब्याच्या लई फुशारक्या मारल्या.

तिथंच फसलो.

माझा मामा निलंग्याच्या यष्टी स्टँडवर कंट्रोलर होता. मी पहिली नक्कल केली ती त्याची. गाडीचं सांगताना तो माईक तोंडाला लावून खाजगीतलं बोलल्यासारखा सुरू करायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं..." मग थांबायचा. इतका थांबायचा की भजे खाणारा माणूस घास गालात धरून बसायचा. आन् मग, "लातूऽऽऽर!" पार रसाच्या गाड्यापर्यंत. लाईट गेली तर बिगर माईकचं, तेवढंच.

मामा रिटायर झाला, आन् दोन वर्षांनी मामीचा फोन आला. "डॉक्टर म्हणले, घशातली आवाजाची पेटी काढावी लागंल. आठ दिवसानं लातूरला ऑपरेशन हाय. मग बोलता यायचं न्हाई त्यांना. तुझ्याकडं ती मशीन हाय ना बाळा? त्यांचा आवाज भरून ठेव."

मामा यष्टीनंच आला. आवाज बसलेला, पण जीभ तशीच. "काय भाचेसाहेब, ऑपरेशन इथंच करता का लातूरलाबी जावं लागंल?" मग हळूच म्हणला, "एकदाच होईल बरं का. दुसऱ्या खेपंला घसा साथ द्यायचा न्हाई."

मालक म्हणला, "काका, बिनधास्त बोला. हा डबा कावळ्याची कोकिळा करतो."

"मला कावळाच राहू द्या की साहेब," मामा म्हणला.

मालक हसला आन् बटणं होती तशीच ठेवली, रिक्षाच्या जाहिरातीवाली. उलट घशाची खरखर अजून कापली. "घाण निघून जाऊ दे."

मामा उभा राहिला. कुजबुजला. थांबला. आन् त्या फाटक्या घशातून "लातूऽऽऽर" असं काढलं की माझ्या हातावर काटा आला. मी डब्याकडं बघितलं. कंप्रेसरची सुई डावीकडं आडवी पडलेली, झोपल्यावानी, म्हंजे डबा आरोळी पार दाबून टाकत होता. मला कळलं. मालकापेक्षा आधी कळलं. आरोळी सुरू व्हायच्या आधी, त्या थांब्यात सांगता आलं असतं, कुजबुजीलाच सुई हलताना दिसली होती. पण मालकासमोर कसं बोलावं, आन् डब्याचं कौतुक तर मीच सांगितलेलं. तोंडातून गावभरची माणसं काढणाऱ्या ह्या शहाण्याच्या तोंडातून "थांबा" एवढं निघालं न्हाई.

हेडफोन लावला तर आत भलताच माणूस. कुजबूज जेवढी, आरोळीबी तेवढीच. मामा थांबला होता तिथं शांतता न्हाई, पंख्याची घरघर वर उचलून भरलेली. पाटावर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट आवाज.

"मूळचा द्या," मी म्हणलं. "डब्याच्या आधीचा."

"आधीचा कुठून आणू? डब्यातूनच आत गेला ना. मळलेल्या पिठातून पाणी काढतो का तू?"

"मग साधा एक बाजूला का न्हाई भरला?"

"कशाला? रेडिओवानी आलाय की. लोक पैसे मोजतात असल्या आवाजाला."

मी त्याच्याच आवाजात त्याला सुनावलं, जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. तो म्हणला, "नकला खाली जाऊन कर." हेडफोन टेबलावर टाकला आन् उतरलो, ते आजवर पुन्हा चढलो न्हाई. जिन्यात मामानं फोनवर रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलं आन् परत एकदा जोर लावला. नुसती हवा आली. "जाऊ दे," ओठांनीच म्हणला. "चहा पाज."

ऑपरेशन झालं. महिन्यानं निलंग्याला गेलो. मामा खाटेवर, गळ्याला पट्टी, मांडीवर शाळेतली पाटी. मालकानं मागून पाठवलेलं ते रेकॉर्डिंग मामीनं मोबाईलवर लावलं, अर्ध्यातच बंद केलं.

"हे कोण हाय? बातम्यावाला?" माझ्याकडं वळली. "तू करून दाखव ना त्यांचं."

मामाची नक्कल मी साऱ्या गावासमोर केली होती, मामासमोर कधीच न्हाई. केली. लातूर म्हणून असा बोंबललो की शेजारची शेळी दावं तोडायला बघू लागली. मामानं पाटीवर टकटक केलं आन् लिहिलं, "थांबला कुठं?"

परत केलं. ह्या खेपंला मामानं हात वर धरला, गाडी अडवल्यासारखा. धरलाच. हात खाली आला तसा मी सुटलो. मामी पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत बसली.

मामानं पाटी पुसली. मला वाटलं आता शाबासकी. त्यानं लिहिलं, "रागानं नको. गाडी लागलीय, एवढंच सांग."

त्या दिवशी मी ते अकरा वेळा केलं. अजूनबी दर रविवारी जातो आन् करतो. पंख्याची घरघर कानात हाय तोवर राग जात न्हाई, आन् मामा दर खेपंला पाटी पुसून तेच लिहितो.