सातव्या मजल्यावरचा दिवा

आईला डोळ्याचं ऑपरेशन करायचं नव्हतं, कारण प्रभू लवकरच येणार होता.

"तो आला की नवं शरीर मिळणारच आहे," ती म्हणायची. "रिडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगला कुणी रंग काढतं का?"

बदलापुरात राहणाऱ्या माणसाला हा हिशोब लगेच कळतो. आम्ही मांजर्लीत नदीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. वडील नगर जिल्ह्यातून अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले, तिथेच रिटायर झाले आणि पुढे वारले, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या भाषेत प्रभूत निजले. आई मात्र मला कळायला लागल्यापासून वाट बघते आहे. तिच्या ट्रंकेत, तो येईल त्या दिवशी नेसायची एक पांढरी साडी डांबराच्या गोळ्या घालून तयार ठेवलेली असते. एका वर्षी नदीचं पाणी आमच्या जिन्यात शिरलं. खालचे लोक गाद्या आणि मिक्सर वर आणत होते आणि आई आतल्या खोलीत साडी बदलत होती. संध्याकाळी पाणी ओसरलं. तिने साडीची घडी घालून ती परत ट्रंकेत ठेवली.

"पाण्याने जग एकदा बुडवून झालंय. या खेपेला पाणी नाही, अग्नी आहे," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

माझं तसं नाही. मी उपासनेला दुसऱ्या रांगेत बसतो, चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर आहे, आणि पाळकांनी 'हे प्रभू, लवकर ये' अशी प्रार्थना केली की आमेन म्हणतो. पण हळू म्हणतो. कारण समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये मी फ्लॅट बुक केलेला आहे. ती सातव्या मजल्यावर येऊन अडकली आहे. बिल्डर दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचं सांगतो. प्रभू यावा असं मला मनापासून वाटतं, पण पझेशननंतर. हे मी कुणाला बोललेलो नाही. ज्याला कळायचं त्याला ते न सांगताही कळत असणार.

ही बिल्डिंग आमच्या गॅलरीसमोर पूर्वेला येते. तिच्या मागे डोंगर. आई रोज संध्याकाळी गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून बसते, कारण तो पूर्वेकडून येणार. वडिलांना पुरलं तेव्हाही पाय पूर्वेला आहेत की नाहीत हे तिने दोनदा विचारून घेतलं होतं. शेवटच्या दिवशी कबरेतून उठल्यावर प्रभू समोरच दिसायला हवा, मान वळवावी लागू नये.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिने मला हाक मारली.

"अरे, ये इकडे. ते बघ वर."

"काय?"

"गोल आहे बघ, रंगीत. प्रभूच्या सिंहासनाभोवती इंद्रधनुष्य असतं तसं."

मी बघितलं. वॉचमनने सातव्या मजल्यावरचा हॅलोजन लावला होता. दुसरं काही नव्हतं.

आईने हात जोडले आणि लवकर ये अशी छोटी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो. त्या दिवसापासून तो परिपाठच झाला. वॉचमन दिवा लावायचा, आई प्रार्थना करायची, मी आमेन म्हणायचो. वॉचमन गावी गेला की आई म्हणायची, "आज झाकून ठेवलंय."

मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात तयार माल तपासायला असतो. शेठ सिंधी आहेत, माझ्याच वयाचे. ट्रान्सपोर्टला अडकलेल्या पार्सलची चौकशी करावी तशी ते माझ्या श्रद्धेची चौकशी करतात.

"साईं, प्रभु का क्या हुआ? दिवाली के माल से पहले आ रहे हैं कि बाद में?"

"तारीख कुणालाच माहीत नाही, शेठ."

"मतलब हमारे धागेवाले जैसा."

त्यांना एकदा मी आईच्या दिव्याचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बल्ब के चारों तरफ गोला? रंगवाला?"

"हो."

"मोतिया है, साईं. मेरी मम्मी को भी दिखता था. ऑपरेशन किया, चला गया. दूसरे दिन से मेरे में नुक्स निकालने लगी."

अंबरनाथच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हा आई बाहेर बाकावर डोळ्यांत ड्रॉप घालून बसली होती. मोतीबिंदू पिकत चालला की दिव्यांभोवती अशी कडी दिसतात, काढला की जातात, असं ते म्हणाले.

आतापर्यंत मीच तिच्या मागे ऑपरेशनसाठी लागलो होतो. त्या दिवसानंतर माझा जोर कमी झाला. एवढी वर्षं वाट बघितल्यावर तिला काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि ते घालवायला तिला रिक्षात घालून मीच नेणार होतो. बायकोच्या हे लक्षात आलं.

"आधी तुम्हीच ठणाणा करत होता. आता काय झालं?"

"तिची इच्छा नाही, तर कशाला जबरदस्ती."

"परवा भाजीत दोनदा मीठ पडलं, ती कोणाची इच्छा होती?"

शेवटी तिनेच पाळकांना बोलावलं. पाळक तरुण आहेत, जपून बोलतात.

"आजी, वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आठवा. शहाण्यांनी दिव्यांसाठी तेल भरून ठेवलं होतं. आपणही तयारीत असायला हवं. डोळ्यांची तयारी ही पण तयारीच."

"त्या दहाही जणींना झोप लागली होती," आई म्हणाली. "मी जागी तरी आहे."

पाळकांनी चहा घेतला. मग मला अवसान आलं आणि मी म्हणालो, "पण तो आला आणि तुला ओळखू आला नाही तर?"

तिने विचार केला. "हातांना खिळ्यांच्या खुणा असतील. चाचपून बघीन."

पाळक प्रार्थना करून गेले आणि जाताना पुन्हा येतो म्हणाले. पुढे सगळं घडलं ते त्यांच्या या शब्दामुळे.

दोन-तीन दिवसांनी बेल वाजली. मी आंघोळीला होतो, बायको खाली गेली होती. आईने दार उघडलं. पाळकांसारखा पांढरा शर्ट दिसला. तिने त्या माणसाचा हात धरून त्याला आत आणलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात. आज मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. तुमच्यावर ओझं फार असतं."

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा गॅस सिलिंडरवाला मान खाली घालून आमच्या हॉलमध्ये उभा होता. सिलिंडर दारात होता. आई त्याच्या कळपासाठी, त्याच्या सेवेसाठी आणि त्याला येणाऱ्या मोहांसाठी प्रार्थना करत होती. मध्येच थांबवणं मला बरं दिसेना. आमेन झाल्यावर त्याने हात जोडले.

"आजी, आता ओटीपी सांगा."

मी ओटीपी सांगितला. तो गेला. आई खुर्चीत बसून राहिली. जेवली नाही. बायकोला वाटलं फजिती झाली म्हणून.

"अहो आई, होतं असं. त्याचंही भलंच झालं."

"त्याचं नाही गं," आई म्हणाली. "शेवटल्या काळात तोतये येतील असं सांगून ठेवलंय. मीच प्रभू म्हणत येतील. आणि मला सिलिंडरवाला कळला नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कधीची तारीख मिळते बघ."

मी तारीख घेतली. रिक्षातून अंबरनाथला जाताना तिला दिव्याचं सांगायचं ठरवलं होतं. आधी सांगावं, मग तिनेच ठरवावं, हेच न्यायाचं होतं. पण ती डॉक्टरांच्या हातासाठी प्रार्थना करत होती. ती संपली तेव्हा दवाखाना आला होता. प्रार्थना अर्ध्या वाटेतच संपली असती तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुला टक्कल कधी पडलं?"

"बरीच वर्षं झाली."

"कुणी बोललं नाही."

काही दिवस काळा चष्मा होता. तेवढे दिवस मला झोप नव्हती. मग एका संध्याकाळी चष्मा काढून ती गॅलरीत बसली आणि मीही सवयीने शेजारी जाऊन बसलो. वॉचमनने दिवा लावला. आई बराच वेळ बघत राहिली.

"लाइट आहे," ती म्हणाली.

"हो."

"तारेला टांगलाय. तिरका."

"हो."

"तुला दिसत होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आमेन कशाला म्हणत होतास?"

मी म्हणालो, तू प्रार्थना करत होतीस म्हणून. हे खरं होतं, पण तिचं मन कशाला मोडायचं, हेही त्यात होतं, आणि आपल्याला काही दिसत नाही हे कबूल करायची भीतीही. ते मी बोललो नाही. ती रागावेल, रडेल, नाहीतर मुक्याने आत निघून जाईल अशी मी वाट बघत होतो.

"प्रार्थना काय दिव्याला नव्हती," ती म्हणाली. मग हात जोडून रोजचीच प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची तारीख दिली तेव्हा तिने नको म्हटलं.

"का हो आई? एवढं छान दिसायला लागलं," बायको म्हणाली.

"मीठ-साखर एका डोळ्याने कळते. माणसंही कळतात. दुसरा राहू दे जसा आहे तसा."

आता ती गॅलरीत बसली की थोड्या वेळाने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवते आणि डाव्याने बघते. तो लाइट आहे हे तिला माहीत आहे. तरी बघते. मी विचारलं तर म्हणाली, "तो येईल तेव्हा कसं दिसेल त्याची आठवण राहते."

परवा मी माझा चष्मा काढला. मला लांबचं दिसत नाही, नंबर बराच आहे. बिल्डिंग गेली, सातवा मजला गेला. डोंगर आणि आभाळ यांतला फरक गेला. दिवा तेवढा पसरून मोठा झाला. त्या वेळी पझेशनचा विचार मनात आला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. आला. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं, आणि पझेशन आधी हवं की तो आधी हे काही क्षण मला ठरवता येईना.

"काय दिसतं?" आईने विचारलं. तिचा हात डोळ्यावरच होता.

"नीट काहीच दिसत नाही."

"बस मग," ती म्हणाली. "लगेच दिसत नसतं."